आठ नंबरचा आवाज

झुंबरचं मनगट मी तोडलं. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की बंटीनं लपवलं. आता आम्हाला एकत्र बघून लोक विचारतात, "काय हो, तुमचं दोघांचं जमलं कसं?" जमलं डोंबलाचं! मी त्याचा हात मोडला आणि त्याच्या आईनं बदल्यात माझा काढून घेतला. एवढंच काय ते जमलं.

साल दोन हजार एक. मी वीस वर्षांचा, पंचवटीतला, अंगात नुसती मस्ती. बारावीला गचकलो होतो आणि भिकनच्या पथकात ढोल बडवायचो. भिकन आमचा म्होरक्या. सहा फूट उंच, गळ्यात चांदीची जाड साखळी, आणि तोंड उघडायच्या आधी हात उचलायची सवय. माझा बाप लाकडाच्या वखारीत कामाला. तो मला घरी मारायचा, भिकन पथकात मारायचा, आणि मी रस्त्यात जो सापडेल त्याला. मला वाटायचं, सगळीकडे असंच चालत असणार.

विसर्जनाच्या मिरवणुकीत रविवार कारंजावर दोन पथकं समोरासमोर आली की आमच्याकडे एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. दोघांनीही वाजवायचं थांबवायचं नाही. ज्याचा ताल आधी तुटेल त्यानं बाजूला सरायचं आणि समोरच्याला वाट द्यायची. मग वर्षभर चहाच्या टपरीवर तोंड लपवत फिरायचं.

त्या वर्षी समोर मखमलाबादचं पथक आलं. त्यांच्या पुढे एक काडीपैलवान माणूस, कान हे एवढे मोठे, गळ्यात ताशा. तोच झुंबर. तेव्हा सव्वीस वर्षांचा असेल. घरची झेंडूची शेती, सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, फुलं विकायची आणि उरलेला दिवस ताशा, असं त्याचं आयुष्य. दहा मिनिटं आमचे चाळीस ढोल आणि त्यांचे तीस एकमेकांवर तुटून पडले. कोणी हटेना. मग झुंबरनं काडी वर केली. त्याचे तीसच्या तीस ढोल गप्प झाले, पोरांनी गुडघे टेकले, आणि हा पठ्ठ्या एकटा सुटला.

आईशप्पथ सांगतो, तसला ताशा मी पुन्हा ऐकला नाही. त्याच्या हातातल्या काड्या दिसतच नव्हत्या. मध्येच अर्धी मात्रा गाळायचा, आणि आमची पोरं बरोबर तिथे ठेचकाळायची. आधी दोघं चुकले, मग दहा, मग आमचे सगळेच ढोल थंड पडले. एकटा ताशा तेवढा वाजत होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी आमच्यावर केळ्याची सालं भिरकावली.

भिकन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघत काय राहिलास भाडखाऊ? घाल त्याच्या हातावर."

मी घातलं. ढोल बडवायचा जाड दांडका असतो, त्याला आम्ही टिपरू म्हणतो. ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, आईवरून शिवी हासडली आणि मारलं. त्याचं उजवं मनगट तेव्हा ताशाच्या तांब्याच्या काठावर होतं. खाली तांबं, वर लाकूड, मध्ये हाड. मग जे काही व्हायचं ते झालं. दोन्ही बाजूंनी दगड आले, पट्टे निघाले, एका पोराचा कान लोंबायला लागला. माझ्या डोक्यात सहा टाके पडले. आणि आमचा भिकनदादा? तो सगळ्यात आधी पळाला.

महिन्याभरानं डॉक्टरनं सांगितलं की झुंबरची बोटं हलतील, पण काडी धरणार नाहीत. केस होऊ नये म्हणून दोन्हीकडचे म्हातारे तालमीत बसले. माझ्या बापानं हात जोडले आणि मग एक हात खिशाकडे नेला. तेवढ्यात झुंबरची आई उठली. नवसाबाई. नऊवारीतली, ठेंगणी, हनुवटीवर गोंदण, आणि आवाज असा की तालमीतली कबुतरं उडावीत.

"पैसा ठेव तुझ्याकडं," ती बापाला म्हणाली. "माझ्या पोराला उजवा हात नाय राह्यला. तुझ्या पोराचा दे. कापून नको, चालता दे. रोज सकाळी माझ्या दारात यायचं, झुंबर सांगन ते करायचं. ज्या दिवशी माझ्या पोराचा ताशा रविवार कारंजावर परत वाजन, त्या दिवशी हा मोकळा. तवर हा हात आमचा."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ह्या काय गप्पा आहेत? मी काय गडी आहे का?" बापानं तिथल्या तिथे माझ्या तोंडात मारली, ओठ फाटला, आणि माझ्या वतीनं तोच हो म्हणाला. झुंबर कोपऱ्यात प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मखमलाबादला जायला लागलो. झेंडू तोडायचा, पाट्या सायकलला बांधायच्या, झुंबरच्या पायजम्याची नाडी बांधायची. हसू नका. एका डाव्या हातानं बांधून बघा एकदा. दर तीन दिवसांनी त्याची दाढीही मीच करायचो. मी वस्तरा गळ्याशी नेला की तो माझ्या डोळ्यांत रोखून बघायचा आणि पापणी हलवायचा नाही. मीच नजर वळवून वस्तरा पुसायचो. बोलायचा मात्र एक शब्द नाही. मला रोज वाटायचं, हा आज ना उद्या आपल्याला घालणार. कशानं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

एकदा विहिरीवर मी सहज रिकाम्या बादलीवर बोटं वाजवत बसलो होतो. सूं करून कानाजवळून काहीतरी गेलं आणि मागच्या शेवग्यात खचकन रुतलं. विळा होता. झुंबरनं डाव्या हातानं फेकलेला. मी उठून त्याच्या अंगावर धावलो, गचांडी धरली, तर तो दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोलला.

"चुकीचं वाजवतोस. तिसऱ्याला घाई करतोस."

म्हणजे माणसाचं मनगट मोडलं त्याचा राग नाही, आणि बादलीवर ताल चुकला म्हणून विळा! मी गचांडी सोडली. असल्या माणसाचं काय करायचं ते मला कळेना.

दसऱ्याची फुलं दिंडोरी नाक्यावर द्यायला गेलो तेव्हा पुढचं सगळं सुरू झालं. तिथे साईचं कॅसेटचं दुकान होतं. साई माझ्याच वयाचा, गोड बोलणारा, नुकताच त्यानं सीडी भरून द्यायला कॉम्प्युटर घेतला होता. आम्ही पाट्या उतरवतोय तोवर आतून ताशा ऐकू आला. झुंबर पाटी तशीच टाकून आत घुसला.

"कोण वाजवतंय?"

"कोणी नाही रे," साई म्हणाला. "चोरीच्या सीडीवर सॉफ्टवेअर आलंय. हे बघ, एका ओळीत सोळा घरं. ज्या घरावर टिचकी मारशील तिथे ठोका पडतो."

झुंबर पडद्याला नाक लावून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजी हात लागत नाय?"

"माऊस धरण्यापुरता लागतो."

त्यानं डाव्या हातानं माऊस धरून बघितला. बाण पडद्यावर भरकटायचा, भलत्याच घरात ठोका पडायचा. पाच मिनिटांत त्याचा पारा चढला आणि त्यानं टेबलावर अशी बुक्की मारली की साई कळवळला. मग झुंबर माझ्याकडे वळला आणि बोटानं खुर्ची दाखवली. "बस."

बसलो. आपला हात थोडाच होता! साईशी ठरलं की सकाळी आठ ते अकरा गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आम्ही बसायचं, आणि त्याच्या देवांना रोज हार आमच्याकडून. झुंबर मागे उभा राहून आकडे सांगायचा. एक, पाच, सहा, नऊ. मी घरं भरायचो. चुकलो की डाव्या हाताची टपली कानावर. टपली कसली, बुक्कीच. माझा डावा कान आजही मधूनच शीळ घालतो. मीही काय साधू नव्हतो. दोनदा उठून त्याला दुकानाच्या शटरवर आपटलाय. साई बिचारा मध्ये पडायचा आणि दोघांचा मार खायचा.

मनगट मोडलं त्या मिरवणुकीत पाण्याच्या पिंपाच्या हातगाडीवर मखमलाबादवाल्यांचा टेपरेकॉर्डर आवाज भरून घेत चालू होता. सरावाला ऐकायला ते ठेवायचे. ती कॅसेट झुंबरनं आणली. साईनं वायर लावून ती कॉम्प्युटरमध्ये घेतली. मग चार दिवस झुंबरनं मला पायरीवर बसवून ठेवलं आणि आत एकटा, डाव्या हातानं, घामाघूम होऊन तुकडे कापत बसला. आठ तुकडे निघाले. त्यांना नुसते आकडे दिले.

"एक ते सात तू बघ," तो म्हणाला. "आठ नंबर उघडायचा नाय. नुसता लावायचा. दोनवर आन् चारवर."

चार मोजले की दोनवर आणि चारवर माणूस आपोआप टाळी देतो, ती ही जागा. आठ नंबर तिथे चपखल बसायचा. छोटासा, कोरडा, फाट्कन येणारा आणि मागे तांब्याची किंचित झिणझिण सोडणारा. लय भारी आवाज होता. मी म्हणायचो, "हा कुठल्या ताशाचा रे?" तो म्हणायचा, "माझ्याच."

दोघंही अडाणी. पहिलं गाणं बनवलं तेव्हा जे जे हाताला लागलं ते सगळं भरलं. ढोल, ताशा, झांज, तुतारी, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा. सगळं पूर्ण जोरात. साईच्या स्पीकरचा कागद फाटला. आणि एवढ्या गोंधळात झुंबरचा ताशा कुठेच ऐकू येईना. मी ताशा आणखी वाढवला. मग ढोल कमी वाटला म्हणून ढोल वाढवला. झुंबरनं माझी खुर्ची लाथेनं उलथवली.

मी जमिनीवरून ओरडलो, "अरे मग तूच सांग ना काय करू ते!"

त्यानं डाव्या हातानं खुर्ची परत उभी केली. मग म्हणाला, "पथकात सगळी एकदम बोलतात का? ताशा बोलतो तवा ढोल गुडघे टेकतो. टेकव त्यांना."

मी ढोल खाली ओढला. ताशा आपोआप वर आला, त्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. त्या सकाळी तो मला पहिल्यांदा 'बंटी' म्हणाला. नाहीतर तोवर 'ए' एवढंच नाव होतं मला.

तेव्हापासून कळलं की हे काम भरायचं कमी आणि काढायचं जास्त आहे. कोणी कधी बोलायचं, कोणी कधी बसायचं, हेच गाणं. आधी लांबून नुसता ढोल यावा, मग झांज, मग सगळं तोडून एक अख्खी ओळ रिकामी सोडायची, आणि त्या शांततेत एकटा ताशा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो रस्त्यावरच शिकला होता.

दोन हजार दोनच्या विसर्जनाला आम्ही साईच्या ओळखीच्या ट्रकवर ते गाणं वाजवलं. मी मनात म्हणत होतो, चला, आज सुटलो. नवसाबाई कारंजाच्या कडेला नवं लुगडं नेसून उभी होती. आणि तिथे आमची अशी फजिती झाली की विचारू नका.

झालं काय, की झुंबरनं आवाज पथक उभं राहतं तसे मांडले होते. ताशेवाले डाव्या अंगाला, ढोलवाले उजव्या अंगाला. दुकानात दोन स्पीकरच्या मधोमध बसून ऐकलं की डोळे मिटल्यावर पथक समोर दिसायचं. आम्ही खूश! पण ट्रकवर स्पीकरची डावीकडची खोकी रस्त्याच्या डाव्या बाजूला तोंड करून, उजवीकडची उजव्या. डावीकडच्या लोकांना नुसता ताशा, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. उजवीकडच्यांना नुसता ढोल. नवसाबाई उभी होती उजवीकडे. पोरानं वर्षभर राबून बनवलेला ताशा तिला एक ठोकाही ऐकू आला नाही.

लोकांनी चपला फेकल्या. एक नारळ आला तो झुंबरच्या भुवईवर फुटला. समोर भिकनचं पथक पोट धरधरून हसत होतं. मी ट्रकवरून उडी मारून दोघांना लोळवलं, तिसऱ्यानं मला लोळवलं.

परतताना गंगेच्या काठावर झुंबरनं मला कमरेच्या पट्ट्यानं मारायला सुरुवात केली. रक्त डोळ्यात जात होतं तरी मारत होता. मीही सोडलं नाही. एकाच हाताचा आहे म्हणून दया केली नाही. पोटात लाथा घातल्या, त्यानं माझ्या दंडाचा लचका तोडला. नवसाबाईनं मागून येऊन दोघांच्या पाठीत पायातल्या वहाणेनं हाणलं तेव्हा कुठे सुटलो.

मी धापा टाकत म्हणालो, "वाजला ना मावशी? अर्ध्या रस्त्यानं तरी ऐकला."

"मग अर्धा हात घिऊन जा," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

दुसरं वर्ष सुरू झालं. सगळे आवाज मधोमध आणले. झुंबर म्हणाला, "रस्ता काय पथकासमोर बसून ऐकत नाय. तो दोन्ही बाजूंनी चालतो." रोज साई दुकानात गाणं लावायचा आणि आम्ही दोघं नाक्यावर दोन बाजूंना उभे राहायचो. लांबून काय येतं, जवळून काय, रिक्षा मध्ये आली तर काय बुडतं. मग आत येऊन कुणाला बसवायचं ते ठरायचं. मारामारी चालूच होती, पण आता तिच्यात गंमत यायला लागली होती. त्याची दाढी करताना तो डोळे मिटायला लागला होता. एकदा तर झोपलाच.

दोन हजार तीनच्या विसर्जनाला आठवडा राहिला होता. झुंबर बाहेर चहाला गेला होता. मी गाणं ऐकत होतो आणि मला जाणवलं की शेवटाला ढोल चढतात तेव्हा आठ नंबर दबतो. म्हटलं, याची शेपटी फार तोडलेली दिसते, जरा लांबवली तर उठून दिसेल. दोन वर्षांत कधी उघडला नव्हता, पण आता कामच होतं. तुकडा उघडला. बाजूची रेघ दोन्हीकडे ओढली. वाजवला.

आधी माझा आवाज आला. माझा. आईवरून दिलेली शिवी. मग तो फाट्कन ठोका आणि तांब्याची झिणझिण. आणि मग झुंबर: "आये!"

मी परत वाजवला. परत वाजवला. त्या ठोक्यावर मी दोन वर्षं मान हलवली होती. लय भारी म्हणालो होतो. माझ्या हातानं शेकडो वेळा लावला होता, दोनवर आणि चारवर.

झुंबर दारात उभा होता, हातात माझ्यासाठी चहाचा ग्लास.

"हा मी आहे?"

"तू हायस. आन् मी."

"दोन वर्षं माझ्याकडून हेच लावून घेतलंस? असा सूड घेतोस? हरामखोर, सरळ मारायचंस ना मला!"

तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघायला लागला. "सूड कसला? सगळी कॅसेट पालथी घातली मी. बाकी समद्यात गर्दी हाय, आरडाओरडा हाय. ढोल गप्प होते तवाचा हा एकच आवाज कोरा निघाला. तेवढा चांगला दुसरा नाय मिळाला." मग खरंच काळजीनं त्यानं विचारलं, "का? नाय वाजत का चांगला?"

त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं आणि रडू आलं याचा संताप आला. मी उठून भिंतीवर मूठ उगारली. झुंबर चहा टाकून झेपावला, डाव्या हातानं माझं मनगट पकडलं आणि माझ्या मुस्काटात मारली, स्वतःच्या कपाळानं, कारण हात तर गुंतलेला होता. नाकातून रक्त आलं.

"हात!" तो किंचाळला. "तुझा हाय का तो? भिंतीवर मारतोस!"

विसर्जनाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आमचा ट्रक रविवार कारंजावर आला. सीडी लावायला आणि आवाजाची बटणं सांभाळायला झुंबर ट्रकवर, मी त्याच्या उजवीकडे. समोर भिकनचं पथक, आता साठ ढोल. रिवाज तोच. थांबायचं नाही.

झुंबरनं बटण दाबलं. लांबून यावा तसा ढोल आला. झांज आली. मग सगळं तुटलं, ती एक ओळ रिकामी गेली, आणि दोन वर्षांनी झुंबरचा ताशा कारंजावर एकटा बोलला. दोन्ही बाजूंना! मी नवसाबाईला शोधलं. ती उजवीकडेच उभी होती, हट्टानं त्याच जागी, तोंडावर पदर धरून. तेवढ्यात आठ नंबर पडला. लोकांनी हात वर करून टाळी दिली. पुन्हा पडला, पुन्हा टाळी. हजार माणसं माझ्या त्या फटक्यावर नाचत होती आणि एकालाही ठाऊक नव्हतं. मला टाळी देता येईना. दर ठोक्याला माझा खांदा आकसायचा.

ताशानं अर्धी मात्रा गाळली. भिकनचे साठ ढोल बरोबर तिथेच ठेचकाळले आणि विखुरले. तेच, अगदी तस्संच. भिकनला ते ओळखू आलं असणार, कारण त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. टिपरू घेऊन तो सहासात जणांसह ट्रकवर चढला.

"एक राहिलाय ना?" तो झुंबरच्या डाव्या हाताकडे बघून म्हणाला. "तोही घेतो."

ट्रकच्या फळीला लोखंडी पाइप होता. तो मी उपसला आणि उजव्या हातानं डोक्यावर उचलला. भिकनचं टाळकं माझ्या समोर होतं. खोटं कशाला बोलू, मी ते फोडणार होतो.

मागून झुंबर ओरडला, "बंटी, हात सांभाळ!"

पाइप अडवायला भिकननं टिपरू माझ्या मनगटाकडेच आणलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. मी पाइप टाकला. उजवा हात शर्टात, पोटाशी खुपसला आणि झुंबरला खाली पाडून त्याच्या डाव्या हातावर, त्या बटणांच्या खोक्याला बिलगून पालथा पडलो. मग त्यांनी मला मारलं. टिपरूंनी, पट्ट्यांनी, बुटांनी. पाठीत, डोक्यात, तोंडावर. एक दात गिळला, दोन बाहेर पडले. वर आठ नंबर वाजत होता आणि खाली मला ठोके बसत होते, आणि कुठला कुठला ते मला कळेनासं झालं. खालून झुंबर एकच म्हणत होता, "काढू नको. हात काढू नको." गाणं साडेचार मिनिटांचं होतं. एकदाही तुटलं नाही. ते संपलं तेव्हा लोकांनीच चढून भिकनला आणि त्याच्या पोरांना खाली खेचलं आणि तुडवलं.

तीन बरगड्या, गळ्याचं हाड, तीन दात. सरकारी दवाखान्यात माझा बाप उशाशी बसून रडत होता, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवसाबाई आली. बापाकडे बघितलं नाही, माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं नाही. तिनं चादर बाजूला केली आणि माझा उजवा हात हातात घेतला. एकेक बोट सरळ केलं. पेरं दाबून बघितली. मनगट फिरवलं.

"मूठ कर," म्हणाली. मी केली. "उघड." उघडली.

"शाबूत हाय," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "वाजला रे पोरा. दोन्हीकडं वाजला. समद्यांनी ऐकला. झालं, तू मोकळा. घे तुझा हात."

आणि तिनं तो माझ्या छातीवर ठेवला. खरं सांगतो, तो ठेवल्यावर मला एकदम परकं वाटायला लागलं. आता याचं करायचं काय, तेच कळेना.

बारा दिवसांनी छातीला पट्टा बांधून मी दिंडोरी नाक्यावर गेलो. सव्वाआठ झाले होते. साई देवांना हार घालत होता. झुंबर कॉम्प्युटरसमोर उभा होता आणि त्याच्या पुढची माझी खुर्ची रिकामी होती. त्यानं वळून बघितलं नाही.

"उशीर केलास," तो म्हणाला.

मी बसलो. माऊस धरला. लग्नाचं नवीन गाणं करायचं होतं, पडद्यावर सोळाच्या सोळा घरं रिकामी.

"आठ नंबर काढून टाकू का?" मी विचारलं.

"कशाला? चांगला हाय." त्यानं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, बरगड्या दुखणार नाहीत असा बेतानं. "लाव. दोनवर आन् चारवर."

मी लावला.